गाण्याला गुत्त्याचा आधार लागत नाही

चंद्रपूर जिल्ह्यातली दारूबंदी २०२१ मध्ये उठली, तेव्हापासून एक युक्तिवाद वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. चिमूर तालुक्याला ताडोबा लागून आहे, कोलाऱ्याच्या प्रवेशद्वारातून पर्यटक जंगलात जातात, पण संध्याकाळी परतले की त्यांना करण्यासारखे काही उरत नाही. इथल्या तरुणांनाही दिवेलागणीनंतर पानटपरी आणि मोबाइल याखेरीज ठिकाण नाही. तेव्हा चांगल्या वळणाची, गाण्याबजावण्याची मद्यालये निघू द्यावीत. दारू हे निमित्त, खरी गोष्ट माणसांची सोबत आणि संगीत, असे हे म्हणणे. पुराव्यादाखल आयर्लंड पुढे केले जाते. तिथे गावोगावच्या पबमध्ये रात्री फिडल आणि बासरी घेऊन माणसे बसतात, शेतकरी आणि डॉक्टर एका बाकावर येतात, परका माणूस तासाभरात ओळखीचा होतो, आणि एवढ्याशा देशाचे लोकसंगीत याच पबच्या बळावर जगभर गेले, असे सांगितले जाते. या युक्तिवादातले दुखण्याचे निदान बरोबर आहे. आमच्या गावांच्या संध्याकाळी खरोखरच रित्या झाल्या आहेत आणि त्या भरायला हव्यात. माझा विरोध आहे तो सुचवलेल्या औषधाला आणि त्यामागच्या कार्यकारणाला. आयर्लंडच्या पबात संगीत आहे हे खरे. ते दारूने तिथे आणले, दारूने टिकवले, म्हणून इथेही दारूमागून येईल, हे मात्र इतिहासाला धरून नाही. आणि ज्या झाडीपट्टीत हा दाखला दिला जातो, तिथला स्वतःचा दाखला तर याच्या अगदी उलट आहे.

आधी आयर्लंडची हकीकत नीट पाहू. तिथे ज्याला सेशन म्हणतात, म्हणजे गोल करून बसायचे, माइक लावायचा नाही, एकाने चाल धरली की बाकीच्यांनी तीत मिसळायचे, ते पबमध्ये सर्रास सुरू होऊन शंभर वर्षेही झालेली नाहीत. त्याआधी हे संगीत शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात नांदत होते. चुलीपुढची फरशी मोकळी करायची, फिडलवाल्याला खुर्ची द्यायची, शेजारपाजारच्या पोरापोरींनी नाचायला यायचे, अशी ती रीत. उन्हाळ्यात हाच नाच चव्हाट्यावर, रस्ते मिळतात तिथे होई. १९३५ साली आयर्लंडमध्ये सार्वजनिक नृत्यगृहांचा कायदा झाला. परवान्याशिवाय सार्वजनिक नाच करता येणार नाही असा त्याचा आशय होता, पण धर्मगुरू आणि पोलीस यांनी तो असा राबवला की घरातले आणि चव्हाट्यावरचे नाचही त्याच्या कचाट्यात सापडले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर आयरिश मजुरांचे लोंढे बांधकामाच्या कामावर लंडनला गेले. भाड्याच्या खोलीत दाटीवाटीने राहणारा मजूर फिडल घेऊन बसणार कुठे? कॅम्डन टाउन आणि केंटिश टाउन या वस्त्यांमधल्या पबांत तो बसू लागला, कारण पाय पसरायला जागा मिळेल असे दुसरे ठिकाण त्याच्यापाशी नव्हते. ही रीत नंतर मायदेशी गेली आणि १९५०-६० च्या दशकांत तिथे रुजली. म्हणजे क्रम असा लागतो: घर बंद झाले, चव्हाटा बंद झाला, परदेशातल्या खोलीत जागा उरली नाही, आणि मग संगीत पबात शिरले. ते विस्थापित होऊन तिथे गेले. पबने त्याला आसरा दिला, याबद्दल पबचे आभार मानावेत. पण आसरा देणाऱ्याला जन्मदाता म्हणू नये.

आणि आसरा दिल्यावरही ते टिकले ते पबबाहेरच्या कामामुळे. १९५१ साली मुलिंगार गावात कोल्तस क्योलतोरी एरन ही संगीतकारांची संघटना स्थापन झाली. तिच्या शाखांनी गावोगाव वर्ग चालवले, म्हाताऱ्या वादकांच्या चाली जमवल्या, दरवर्षी फ्ला क्योल नावाचा महोत्सव भरवला. आज त्या महोत्सवाला लाखो माणसे येतात. इलन पाइप हे वाद्य विसाव्या शतकाच्या मध्यावर विझू घातले होते. ते वाचवले १९६८ साली वादकांनीच काढलेल्या संस्थेने, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने त्या वादनाची मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात नोंद केली. आता एक साधी गोष्ट पाहा. आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलांना रात्री नऊनंतर, उन्हाळ्याच्या महिन्यांत दहानंतर, पबमध्ये थांबता येत नाही. सेशन ऐन रंगात येते त्या वेळी पुढची पिढी दाराबाहेर असते. मग ती शिकते कुठे? शाळेत, शाखेच्या वर्गात, घरात आजोबांच्या शेजारी बसून. आणखी एक हिशेब मांडता येतो. २००५ नंतरच्या दीड दशकात आयर्लंडमधल्या पबांची संख्या सुमारे पाचव्या हिश्शाने घटली. संगीत पबवर उभे असते तर तेही त्याच मापाने आटले असते. तसे झालेले नाही; वादक वाढले, महोत्सवाची गर्दी वाढली. २९ मार्च २००४ ला त्या देशाने पबमध्ये धूम्रपानाला बंदी केली, तेव्हाही धुराशिवाय पबचे वातावरण मरेल अशी भाकिते झाली होती. धूर गेला, वादक तिथेच बसले.

या बैठकीत प्रत्यक्ष काय चालते ते जवळून पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ जण बसतात, तोंडे एकमेकांकडे, पाठ गिऱ्हाइकांकडे. व्यासपीठ नसते. नवखा वादक आला तर तो आधी ऐकतो, कुणी खुणावले की वाद्य उघडतो. बाउरान नावाचा बकऱ्याच्या कातड्याचा डफासारखा तालवाद्य-प्रकार असतो. तो एकाच वेळी दोघांनी वाजवू नये असा संकेत आहे, कारण तालाची गर्दी झाली की चाल बुडते. कुणी संथ गाणे म्हणायला लागले की बोलणारे गप्प होतात. हे सगळे नियम ऐकण्याचे आणि वाट पाहण्याचे आहेत, आणि ते पाळायला शुद्ध लागते. झिंगलेल्या माणसाला रील ही नाचाची जलद चाल वाजवता येत नाही. त्यातले स्वर इतके जलद आणि चिकटून येतात की बोट अर्धा क्षण चुकले तरी सगळी बैठक अडखळते. म्हणून ज्या सोबतीचे कौतुक होते, ती पेल्यात नसून या नियमांत आहे. आता आपल्याकडची भजनमंडळाची बैठक नजरेसमोर आणा. सतरंजीवर गोल, मधोमध पेटी, एका हाताला ढोलक किंवा तबला, टाळकरी कडेने, आणि खंजेरी घेतलेला मुख्य गायक. तो चरण म्हणतो, बाकीचे झील धरतात. ज्याचा गळा लागत नाही तोही झील धरू शकतो, आणि पाच-सहा महिने झील धरलेल्या पोराला एखाद्या दिवशी पेटीवाला नुसत्या मानेच्या इशाऱ्याने चरण देतो. खंजेरी डाव्या हातात उंच धरायची, उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर मारायची, आणि मनगटाच्या हिसक्याने चकत्या वाजवायच्या, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधायला वर्षे लागतात. ज्यांना आयर्लंडमध्ये जे दिसते ते इथे दिसत नाही, त्यांनी आपल्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या भजनमंडळाच्या खोलीत डोकावून पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

पण भजन हा एकच दाखला नाही, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार दाखला भजनाचा नाहीच. तो झाडीपट्टीच्या रंगभूमीचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर नाटके होतात. मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते, आणि त्या निमित्ताने गावचे मंडळ नाटक ठरवते. पडदा उघडायला दहा-साडेदहा वाजतात आणि तो पडतो तेव्हा पहाट झालेली असते. गाणे ध्वनिमुद्रित नसते, नट स्वतः गातो, बाजूला ऑर्गन आणि तबला असतो, आता की-बोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत माणसे घोंगडी पांघरून, लेकरे मांडीवर घेऊन, तिकीट काढून बसतात. जिवंत संगीताचे एवढे मोठे, एवढे नियमित, स्वतःच्या पैशावर चालणारे लोकठिकाण महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आता या रंगभूमीची राजधानी कुठे आहे? वडशाला, म्हणजे देसाईगंजला. नाट्यकंपन्या तिथे आहेत, नाटके तिथून ठरतात. आणि देसाईगंज गडचिरोली जिल्ह्यात आहे, जिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. तीन दशकांहून अधिक काळ एका दारूबंद जिल्ह्यातल्या गावातून अख्ख्या झाडीपट्टीला रात्रभराचे गाणे पुरवले जाते. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी लागू झाली. त्यानंतरही ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, चिमूर या पट्ट्यात नाटके होतच राहिली. पुढे एक मोसम बुडाला तो करोनामुळे, बंदीमुळे नाही. संगीताला मद्यालय लागते असे म्हणणाऱ्याने आधी वडशाचा उलगडा करावा.

यावर उत्तर ठरलेले आहे: बंदी कागदावर आहे, मंडईच्या कडेला मोहाची दारू आणि चोरून आणलेल्या बाटल्या मिळतातच. मिळतात. ते नाकारून चालणार नाही, आणि मंडईतला जुगारही नाकारून चालणार नाही. पण प्रश्न दारू परिसरात आहे की नाही हा नव्हता. प्रश्न गाणे कशावर उभे आहे हा होता. नाटकाचा खर्च तिकिटांतून निघतो, नटाचे मानधन गल्ल्यातल्या पेल्यांवरून ठरत नाही, आणि मंडपात बसलेल्या हजारो माणसांत बायका आणि लेकरे असतात. बाहेर पिऊन आलेला माणूस मंडपात गोंधळ घालू लागला तर त्याला बाहेर काढायला मंडळाची पोरे उभी असतात. दारू तिथे गाण्याच्या आडच येते.

दारूचा त्याग आणि गाणे यांचे नाते तर चिमूरने साऱ्या देशाला दाखवले आहे. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा; पण त्यांच्या साधनेची भूमी याच तालुक्यातल्या गोंदेड्याला आहे आणि त्यांच्या सार्वजनिक आयुष्याची मोठी परीक्षा चिमुरात झाली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज उभारल्यानंतर ते खंजेरी घेऊन गावोगाव फिरले. त्यांची भजने देवाची होती, तशीच ग्रामसफाईची, अस्पृश्यता सोडण्याची, दारू सोडण्याची आणि गुलामी झुगारण्याची होती. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूरची जनता रस्त्यावर आली. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा मुलगा हुतात्मा झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि काही दिवस इंग्रजी सत्ता या गावातून नाहीशी झाली. त्याच महिन्यात तुकडोजींना अटक होऊन नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. खंजेरीच्या भजनांनी माणसे जमवण्याची आणि चेतवण्याची ताकद किती होती, हे त्या सरकारला पक्के कळले होते. तुकडोजींच्या कामातली जी गोष्ट आज विसरली जाते ती ही, की त्यांनी व्यसन सोडायला सांगितले आणि लगेच संध्याकाळ भरून दिली. गुरुदेव सेवा मंडळाची शाखा निघाली की गावात सामुदायिक प्रार्थनेची जागा ठरे, तिथे रोज ठरल्या वेळी माणसे जमत, प्रार्थनेनंतर भजन होई, मग गावच्या कामाचे बोलणे. गुत्त्यावर न जाणाऱ्या माणसाचे पाय कुठेतरी वळायला हवेत, हे त्यांना ठाऊक होते.

आणि आयर्लंडच्याच इतिहासात याला जुळे उदाहरण आहे, जे पबचे गोडवे गाणाऱ्यांच्या तोंडून कधी ऐकू येत नाही. १८३८ मध्ये कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूने दारू सोडण्याच्या शपथेची चळवळ उभी केली. काही वर्षांतच लाखो आयरिश माणसांनी ती शपथ घेतली आणि देशातला दारूचा खप झपाट्याने उतरला. त्या चळवळीने गावोगाव वाचनखोल्या काढल्या आणि बँडपथके उभी केली. शपथ घेतलेल्या कामगारांच्या हाती तुताऱ्या आणि ढोल आले. त्या पथकांनी रविवारी गावात फेऱ्या काढल्या, आयरिश नेता डॅनियल ओकॉनेल याच्या राजकीय सभांपुढे वाजवले. १८४५ च्या दुष्काळाने ती चळवळ मोडली, तिची वाद्ये काही दारूने मोडली नाहीत. कॉर्कचा तो धर्मगुरू आणि मोझरीचा हा संत यांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नाही, तरी दोघे एकाच ठिकाणी पोहोचले: दारू काढून घेतलेल्या माणसाच्या हाती वाद्य दिले पाहिजे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. भजनमंडळ धार्मिक असते. नास्तिकाने, दुसऱ्या धर्माच्या माणसाने, नुसती गंमत हवी असणाऱ्या तरुणाने तिथे का जावे? पब कुणाची श्रद्धा विचारत नाही. या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. सगळ्या गावाची संध्याकाळ एकट्या भजनाने भरावी असे मी म्हणत नाही. म्हणूनच दंडार, खडी गंमत, नाटकाच्या तालमी, शाहिरी, आणि आज पोरे वाजवतात ती गिटारसुद्धा मी याच हिशेबात धरतो. पण पबचे दार सर्वांना सारखे उघडे असते, हे ऐतिहासिक सत्य नाही. १९६० आणि ७० च्या दशकांपर्यंत आयर्लंडमधल्या कितीतरी पबांत बाईला बसू देत नसत, किंवा आडोशाच्या छोट्या खोलीत बसवत, किंवा पूर्ण पेला देत नसत. त्यासाठी बायकांना निदर्शने करावी लागली आणि भेदभावाला कायद्याने आळा बसायला २००० साल उजाडले. आपल्या इथल्या परमिट रूममध्ये आज संध्याकाळी किती बायका निर्धास्त बसू शकतील, हे ज्याने त्याने मनाशी विचारून पाहावे. गावातले महिला भजनमंडळ मात्र बहुतेक ठिकाणी आहे, ते स्पर्धांना जाते, आणि शेतावरून आलेल्या बाईला घराबाहेर पडून दोन तास गाण्यात बसण्याचे ते सर्वांना मान्य असलेले निमित्त आहे. ज्या मद्यालयात अर्ध्या गावाला जागा नाही, त्याला गावाची बैठक म्हणता येणार नाही.

चिमूरच्या बायकांनी याविषयी आपले मत लपवून ठेवलेले नाही. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गार या संघटनेच्या पारोमिता गोस्वामी यांच्या पुढाकाराने हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर धडकल्या. मागणी एकच होती, जिल्ह्यात दारूबंदी. पाच वर्षांच्या लढ्यानंतर ती मिळाली आणि सहा वर्षांनी काढून घेतली गेली. बंदी उठवताना सरकारने कारणे दिली ती अवैध दारूची, वाढत्या गुन्ह्यांची, बायका-मुले त्या धंद्यात ओढली गेल्याची आणि बुडालेल्या महसुलाची. बंदी फसली, असा त्याचा सारांश काढला जातो आणि तिथून उडी थेट संगीताच्या बारवर घेतली जाते. मधली पायरी गाळली जाते. बंदीची अंमलबजावणी ढिली होती, पोलिसांवर ताण होता, शेजारच्या जिल्ह्यांतून माल येत होता, हे सगळे खरे धरले तरी त्यातून एवढेच निघते की नुसती बंदी पुरत नाही. ती पुरत नाही यात नवल काय? गुत्ता बंद केला आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर माणूस नाल्याकाठी जाऊन पिणार. बंदीच्या बाजूने लढलेल्यांनाही हे सांगायला हवे की त्या सहा वर्षांत गावागावांत संध्याकाळच्या बैठकीसाठी खोली, दिवा, पेटी, ढोलक यांची तजवीज करण्याचा कार्यक्रम शासनाने हाती घेतला नाही, आणि चळवळीनेही तो पुरेशा जोराने मागितला नाही. अपयश असेल तर ते तिथे आहे. त्यावरचा इलाज उरलेल्या अर्ध्या कामात आहे, केलेले अर्धे काम पुसण्यात नाही.

दुसरा आक्षेप आदिवासी परंपरेच्या नावाने घेतला जातो. मोहाची दारू गोंड आणि माडिया समाजात देवाला वाहिली जाते, जन्म-लग्न-मरण यांत ती असते, ढोल आणि रेला नाच तिच्याशी जोडलेले आहेत. मग बाहेरच्यांनी सोवळेपणा का शिकवावा? सोवळेपणा शिकवू नयेच. पण देवापुढे वाहिलेली मोहाची धार आणि परवानाधारक दुकानातली बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या आड उभे राहून दुसरीचा धंदा करणे हा आदिवासींचा आदर नव्हे. या प्रश्नावर आदिवासी गावाने स्वतः काय केले ते पाहायचे तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे पाहावे. १९८० च्या दशकात तिथल्या गोंडांनी मोडकळीला आलेली घोटुलाची, म्हणजे तरुणांनी एकत्र जमण्याच्या घराची, परंपरा पुन्हा उभी करायचे ठरवले. जंगलातले लाकूड वापरून त्यांनी घोटुल बांधले, वनखात्याने ते पाडले, गावाने ते परत बांधले. त्याच काळात ग्रामसभेत दारूचा विषय निघाला, बायका बोलल्या, आणि सर्वसहमतीने गावाने दारूला आळा घातला. याच गावाला पुढे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशात सर्वांत आधी मिळालेल्यांत तो आहे. बसण्या-नाचण्याची जागा बांधणे आणि दारू आवरणे ही दोन कामे त्या गावाने एका दमात केली, आणि दोन्ही निर्णय बाहेरून कुणी लादले नाहीत.

राहिला पर्यटनाचा आणि रोजगाराचा मुद्दा. पर्यटकाला वातावरण हवे असते, हे कबूल. पण विकायला काढलेल्या वातावरणाचे काय होते, याचा धडाही आयर्लंडनेच दिला आहे. १९९१ पासून आयरिश पब तयार मालासारखा निर्यात होऊ लागला. लाकडी कपाटे, जुन्या पाट्या, काउंटर, सगळे कंटेनरमधून जाते आणि कुठल्याही देशात आठवड्यांत पब उभा राहतो. सजावट गेली, पण त्याबरोबर ती बैठक गेली नाही, कारण ती कंटेनरमध्ये भरता येत नाही. उलट खुद्द डब्लिनमध्ये स्मिथफील्डचा कॉबलस्टोन हा संगीताचा ख्यातनाम पब २०२१ मध्ये पर्यटकांसाठी बांधायच्या हॉटेलच्या प्रस्तावामुळे धोक्यात आला. वादक रस्त्यावर उतरले, वाद्ये वाजवत मोर्चे निघाले, आणि नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. त्या जागेला त्यांनी वाचवले ते तिथे शिकवले आणि वाजवले जाते म्हणून. आणि महाराष्ट्रात बार आणि गाणे एकत्र आले तेव्हा काय झाले, यासाठी परदेशात जायलाही नको. मुंबईचे ऑर्केस्ट्रा बार आहेत. तिथे उत्तम गळ्याच्या माणसांनी काम केले आहे आणि त्यांच्या पोटाच्या लढाईबद्दल मला आदर आहे. पण २००५ च्या डान्सबार बंदीपासून २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जो वाद चालला तो परवाने, नोटा आणि गिऱ्हाइके यांचा होता. गाण्याचा प्रश्न त्यात कुणी विचारला नाही, कारण तिथे गाणे बाटली खपवण्याच्या कामी लावलेले असते. ताडोबाच्या कडेला येऊ घातलेला संगीत-बार वेगळा निघेल असे मानायला आधार काय? स्थानिक कलावंताला काम द्यायचे असेल तर रिसॉर्टवाल्यांनी दंडारीचा संच, खंजेरी भजनाचे मंडळ किंवा नाटकाचा प्रवेश पैसे मोजून बोलवावा, पर्यटकाला मंडईच्या रात्री गावात न्यावे. तो इथे जे पाहील ते त्याला नागपूर-पुण्याच्या बारमध्ये मिळणार नाही.

एक गोष्ट आयर्लंडकडून खरोखर घेण्यासारखी आहे: पायी जाता येईल एवढ्या अंतरावरची, कायम उघडी असलेली, बसायला उबदार जागा. आमच्याकडे तीच नाही. भजनमंडळे आहेत, पण कितीतरी वस्त्यांत ती देवळाच्या ओट्यावर किंवा कुणाच्या तरी पडवीत बसतात, पाऊस आला की उठतात. नाटकाच्या तालमीसाठी शाळेच्या किल्ल्या मागाव्या लागतात. जंगलाच्या कडेची गावे म्हटल्यावर हा प्रश्न जिवाचाही आहे. वाघाचा वावर असलेल्या रस्त्याने अंधारात तीन-चार किलोमीटरवरच्या बारला जाऊन पिऊन परत येणे म्हणजे काय, हे तालुक्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. समाजमंदिरे आणि सभागृहे अनेक गावांत बांधलेली आहेत आणि त्यांतली बरीच कुलूपबंद आहेत. त्यांची कुलुपे संध्याकाळी सहा ते दहा उघडी ठेवायची, वीजबिल ग्रामपंचायतीने किंवा चिमुरात नगर परिषदेने भरायचे, एक पेटी, एक ढोलक-जोड, दोन खंजेऱ्या आणि टाळ ठेवायचे, आठवड्यातले दोन दिवस बायकांच्या मंडळासाठी राखायचे, आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वादकाला महिन्याला मानधन द्यायचे. दारूदुकानाच्या महसुलाचा हिशेब मांडणाऱ्यांनी याचाही खर्च मांडून पाहावा; तो फार निघणार नाही. परवान्याचा प्रश्न आला तर कायद्याने वाट दिलेलीच आहे: वॉर्डातल्या किंवा गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दुकानाबद्दल मतदान घ्यावे लागते आणि निम्म्याहून अधिक मते पडली की बाटली आडवी होते. ग्रामसभेत त्या मतदानाचा ठराव येईल त्याच दिवशी सभागृहाच्या किल्लीचा ठरावही यायला हवा, आणि दोन्ही एकाच कागदावर मंजूर व्हायला हवेत.